बायपासनंतर सलाईन : कोणतं, किती आणि कशासाठी?

सावळागोंधळ

वडिलांची बायपास होऊन आज अकरावा दिवस. घरी आलेत, जिना चढतात, माझ्यावर ओरडतात, म्हणजे गाडी रुळावर आहे. त्यामुळे हा धागा मदतीसाठी नाही, निव्वळ कुतूहलापोटी आहे.

आयसीयूत भेटायला दिवसातून दहा मिनिटं सोडायचे. त्या दहा मिनिटांत मी बाबांकडे कमी आणि स्टँडला टांगलेल्या बाटल्यांकडे जास्त बघायचो. पहिल्या संध्याकाळी आरएल (रिंगर लॅक्टेट) होतं. रात्री फोनवर कळलं की बीपी पडलं होतं म्हणून आणखी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी एक छोटी पिवळसर काचेची बाटली दिसली, अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलंच एक प्रथिन. आणि तिसऱ्या दिवशी लघवी जास्त व्हावी म्हणून इंजेक्शन! आधी भरायचं आणि मग उपसायचं, हा काय प्रकार? त्यात बाबा सारखे 'पाणी, पाणी' करत होते आणि सिस्टर ओठांना ओला कापूस लावत होत्या. शिरेतून लिटर-लिटर चालतं, मग तोंडाने दोन घोट का नाही?

एका नातेवाइकांचं मत : अल्ब्युमिन पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, महाग आहे म्हणजे चांगलंच असणार. एका डॉक्टर मित्राने 'हल्ली एनएस टाळतात' एवढंच म्हणून फोन ठेवला. जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

टाकेमोज्या

माझी झडप बदलली तेव्हा तिसऱ्या दिवशी पायातले मोजे काढले तर नडगीवर खोल वळ. अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. सर्जन आले, खळगा बघितला आणि खूश झालेले दिसले नाहीत. बाकी जाणकार सांगतीलच. खुर्ची ओढून बसलोय.

भूलथापा

आयडीवरून धंदा ओळखला असेलच. भूल देतो, आणि ऑपरेशननंतर हृदयाच्या आयसीयूतही असतो. कुणाच्या पेशंटबद्दल इथे सल्ला देणार नाही, पण 'भरा मग उपसा' हे कोडं सोडवण्यासारखं आहे.

आधी पाणी लागतं कशाला ते बघू. पेशंट थिएटरमधून येतो तेव्हा बऱ्याचदा थंड असतो, रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. बीपी झकास दिसतं आणि नवशिका डॉक्टर निर्धास्त होतो. मग अंग ऊब धरायला लागतं, वाहिन्या सैल पडतात. भांडं मोठं झालं आणि रक्त तेवढंच राहिलं. बीपी खाली. त्याच सुमाराला लघवी धोधो होत असते, कारण पंपावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनवर, असताना रक्त पातळ झालेलं असतं आणि कधी लघवी वाढवणारं मॅनिटॉलही दिलेलं असतं. ड्रेनमधून (छातीत ठेवलेल्या नळीतून) थोडं रक्त जातंच. आणि हार्ट-लंग मशीनच्या परक्या नळ्यांतून फिरून आलेलं रक्त शरीरात दाह पेटवतं, त्यामुळे केशवाहिन्या काही काळ गळक्या होतात. तुम्ही आत ओतलेलं पाणी तिथून पाझरून ऊतींमध्ये जाऊन बसतं.

म्हणजे पहिल्या बारा-चोवीस तासांत माणूस एकाच वेळी सुजलेलाही असतो आणि आतून कोरडाही. यात विरोधाभास नाही, पाणी चुकीच्या खोलीत आहे इतकंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळती थांबते, ऊतींतलं पाणी रक्तात परत यायला लागतं. तेव्हा ते बाहेर काढलं नाही तर फुप्फुसात साचतं. तुमचं लघवीचं इंजेक्शन त्यासाठी. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात, कारण मधे दोन दिवस गेलेत.

आता बाटल्या. एनएस म्हणजे नॉर्मल सलाईन, ०.९ टक्के मिठाचं पाणी. लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. सोडियम १५४ आणि क्लोराइडही १५४ मिलिमोल. रक्तात क्लोराइड साधारण १०० च्या आसपास असतं. 'नॉर्मल' हे नाव कुणी ठेवलं देव जाणे, त्यात नॉर्मल काही नाही. दोन-तीन लिटर गेलं की क्लोराइड चढतं, रक्त आम्लाकडे झुकतं आणि एबीजीच्या (रक्तातलं आम्ल आणि वायू मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावर बेस डेफिसिट, म्हणजे आम्लाकडे झुकल्याचा आकडा, वाढलेला दिसतो. मग कुणीतरी 'पेशंटला पाणी कमी पडतंय' म्हणून आणखी एनएस लावतो! हे मी स्वतः केलेलं आहे, शिकत असताना. सकाळी सरांनी राउंडला फक्त क्लोराइडच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि पुढच्या बेडकडे गेले.

आरएलमध्ये सोडियम १३०, क्लोराइड १०९, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट २८. प्लाझ्मालाइट प्रकारच्या द्रावणात क्लोराइड ९८, म्हणजे रक्ताच्या अगदी जवळ. लॅक्टेटऐवजी ॲसिटेट आणि ग्लुकोनेट, शिवाय मॅग्नेशियम. या दोघांना 'बॅलन्स्ड' म्हणतात. आणि डेक्स्ट्रोज पाच टक्के म्हणजे शरीराच्या दृष्टीने साधं पाणी. साखर जळून गेली की उरलेलं पाणी सगळीकडे पसरतं, रक्तवाहिन्यांत जेमतेम थेंब राहतो. बीपीसाठी त्याचा उपयोग शून्य, उलट ऑपरेशननंतर आधीच चढलेली साखर आणखी चढते.

माझ्यापुरतं : रोजच्या पेशंटला बॅलन्स्ड. पण कुठली बाटली यावर जेवढी भांडणं होतात तेवढी 'आत्ता लावायची का' यावर होत नाहीत, आणि नुकसान तिथेच होतं.

शंकासुर

दोन शंका. १) आरएलमध्ये लॅक्टेट आहे आणि आयसीयूत लॅक्टेट वाढलं की पेशींना रक्त कमी पडतंय म्हणून तुम्ही लोक घाबरता. मग तेच शिरेतून का देता? २) त्यात पोटॅशियम आहे. किडनी दमलेल्या पेशंटला ते कसं चालतं? आम्हाला तर सांगितलं होतं की किडनीच्या पेशंटला एनएसच.

गाळणी

किडनीवाला डॉक्टर आहे, दुसरी शंका माझी.

आरएलमध्ये पोटॅशियम लिटरला ४ मिलिमोल. पेशंटच्या रक्तात ते ५.५ असेल आणि तुम्ही ४ वालं द्रावण मिसळलंत, तर आकडा ५.५ च्या वर जाईल कसा? ताकात दूध ओतून ताक आंबट होत नाही. उलट एनएसने रक्त आम्ल झालं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतं. किडनी प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये एनएस आणि आरएलची तुलना करून बघितली गेली, तेव्हा पोटॅशियम जास्त चढलं ते एनएसवाल्यांचं. 'किडनी म्हणजे एनएस' हा समज अजून वॉर्डावॉर्डांत ठाण मांडून आहे. ज्याचं पोटॅशियम खरोखर धोक्याच्या पातळीवर आहे त्याला वेगळे उपचार लागतात, बाटली बदलून ते काम होत नाही.

लॅक्टेटचं थोडक्यात : बाटलीतलं सोडियम लॅक्टेट लिव्हर वापरून टाकतं आणि त्यातून बायकार्बोनेट बनतं. म्हणजे ते आम्ल नाही, आम्ल मारणारं आहे. हृदयाच्या ऑपरेशननंतर लॅक्टेट चढलेलं दिसलं तर आधी ॲड्रेनालिन चालू आहे का बघा. ते औषध स्वतःच लॅक्टेट चढवतं, रक्तपुरवठा ठीक असतानाही. लिव्हरच बंद पडलं असेल तर मात्र ॲसिटेटवालं द्रावण बरं.

शंकासुर

ताकाचं उदाहरण पटलं. पण मग पुरावा काय म्हणतो? बॅलन्स्डने माणसं जास्त जगतात का, सरळ सांगा.

गाळणी

सरळ उत्तर : फरक असलाच तर छोटा.

२०१८ च्या स्मार्ट अभ्यासात आयसीयूतले १५,८०२ पेशंट होते. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनीचं टिकून राहिलेलं नुकसान, यांपैकी काहीतरी बॅलन्स्ड गटात १४.३ टक्क्यांना झालं आणि एनएस गटात १५.४ टक्क्यांना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग २०२१ मध्ये ब्राझीलचा बेसिक्स आला, ११ हजारांवर पेशंट, नव्वद दिवसांच्या मृत्यूत फरक नाही. २०२२ चा प्लस, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा, पाच हजारांवर पेशंट, तिथेही नाही. आणि हे सगळे सरमिसळ आयसीयू पेशंट, फक्त हृदयाचे नव्हेत. बहुतेकांना एकूण एक ते चार लिटरच मिळालं होतं. एवढ्याशा डोसमध्ये मिठाच्या पाण्यात आणि जरा बऱ्या मिठाच्या पाण्यात आभाळ-जमिनीचा फरक दिसेल ही अपेक्षाच जास्त होती.

तरी मी बॅलन्स्डच निवडतो. ॲसिडोसिस (रक्त आम्ल होणं) आला तर तो पेशंटमुळे की माझ्या बाटलीमुळे, हे कोडं सोडवत बसावं लागत नाही. एनएस राखून ठेवावं अशी एक जागा आहे : डोक्याला मार किंवा मेंदूला सूज. आरएल रक्तापेक्षा किंचित पातळ आहे, मेंदूला ते मानवत नाही.

पंपवाला

परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवतो. आमच्याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून सांगतो : पेशंटला पहिली 'बाटली' आम्ही लावतो. मशीनच्या नळ्या रिकाम्या ठेवता येत नाहीत, हवा गेली तर संपलं. म्हणून त्या आधी द्रावणाने भरतात, त्याला प्रायमिंग म्हणतात. मोठ्या माणसाला साधारण लिटर ते दीड लिटर. पंप सुरू झाला की ते सगळं पेशंटच्या रक्तात. त्यामुळे आयसीयूतला चार्ट शून्यापासून सुरू झालेला दिसला तरी पेशंट शून्यापासून सुरू झालेला नसतो.

अल्ब्युमिनबद्दल. नेमका हाच प्रश्न हेलसिंकीत विचारला गेला, अल्बिक्स नावाचा अभ्यास, २०२२ मध्ये छापून आला. १,३८६ पेशंट, सगळे पंपावरच्या ऑपरेशनचे. निम्म्यांना प्रायमिंगमध्ये आणि पहिल्या चोवीस तासांत ४ टक्के अल्ब्युमिन, निम्म्यांना रिंगर ॲसिटेट. मोठ्या गुंतागुंती अल्ब्युमिनमध्ये ३७.१ टक्के, रिंगरमध्ये ३३.८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान, पण फायदा दिसला नाही हे नक्की. आणि अल्ब्युमिनवाल्यांत रक्तस्राव जास्त, छाती पुन्हा उघडायची वेळही जास्त जणांवर आली. तेव्हा 'महाग म्हणजे चांगलं' वाल्या काकांना हा आकडा दाखवा.

अवांतर : रिंगर नाव आलं म्हणून राहवत नाही. सिडनी रिंगर लंडनमध्ये १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय बाहेर काढून खारट द्रावणात धडधडत ठेवायचा प्रयोग करत होता. हृदय छान चालायचं. मग लक्षात आलं की मदतनिसाने डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचंच पाणी वापरलंय. शुद्ध पाण्यात करून बघितलं तर हृदय थोड्या वेळात थांबलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हवं होतं! पुढे १९३० च्या दशकात हार्टमन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने त्यात लॅक्टेट घातलं आणि आपलं आरएल झालं. म्हणजे हे द्रावण जन्मालाच हृदयासाठी आलंय, मदतनिसाच्या आळसामुळे.

त्याच कॅल्शियममुळे एक पथ्य : रक्ताची पिशवी चालू आहे त्याच नळीतून आरएल सोडायचं नाही. पिशवीतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटची आणि त्याची गाठ पडली की गुठळी होऊ शकते.

भूलथापा

पंपवाला, बेडकाबद्दल +१.

अल्ब्युमिन कधीच देऊ नये असं मात्र नाही. तीन-चार लिटर पाणी देऊन झालंय, अंग सुजलंय, तरी रक्तवाहिन्या रिकाम्या आहेत, अशा वेळी कमी आकारमानात काम भागवायला ते बरेच जण वापरतात. सावळागोंधळ, तुमच्या बाबांना दुसऱ्या दिवशी दिलं ते कदाचित याच हिशेबाने. पहिली निवड म्हणून नाही, दुसऱ्या फळीत.

स्टार्चचं म्हणाल तर ते प्रकरण मिटलंय. हायड्रॉक्सिएथिल स्टार्च, अल्ब्युमिनसारखंच रक्तवाहिन्यांत टिकेल म्हणून दिलं जाणारं द्रावण, एके काळी आम्ही खिरापतीसारखं वाटायचो, बीपी पटकन उचलायचं. २०१२ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, किडनी खराब होते हे दिसलं, आणि सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या) पेशंटमध्ये मृत्यूही जास्त. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पंपावरच्या ऑपरेशनांत रक्तस्राव वाढतो असाही इशारा दिला. युरोपात २०२२ मध्ये परवानाच स्थगित केला. आपल्या डोळ्यांसमोर लगेच दिसलेला फायदा किती फसवा असतो याचं मला तरी हे पुरेसं उदाहरण आहे.

आता 'लावायची का' या प्रश्नाकडे. बीपी पडलं म्हणजे पाणी कमी, हे समीकरण अर्धंच खरं. पाणी देण्याचा अर्थ एवढाच की हृदय भरल्यावर जास्त जोरात ढकलेल. ते ढकलणार नसेल तर दिलेलं पाणी फक्त मागे तुंबतं. उजवी बाजू दमली असेल तर पाण्याने ती आणखी फुगते आणि डाव्या बाजूलाच दाबते. वाहिन्याच सैल पडल्या असतील तर नॉरॲड (वाहिन्या आवळणारं औषध) लागतं, चौथी बाटली नाही. उलट महाधमनीची झडप बदललेल्या माणसाचं हृदय जाड आणि ताठ असतं, त्याला भरायला पाणी हवंच, पण थोडं जास्त झालं की लगेच फुप्फुसात.

ओळखायचं कसं? सीव्हीपीचा (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबाचा) एकटा आकडा फारसं सांगत नाही, हे मान्य व्हायला आमच्या पिढीला फार वर्षं लागली. सोपी युक्ती म्हणजे पाय उचलणं. पेशंट अर्धवट बसलेला असतो, पलंगाची कळ दाबून पाठ सपाट करायची आणि पाय ४५ अंशांवर न्यायचे. पायांतलं नि पोटातलं दोनशे-तीनशे मिली रक्त हृदयाकडे येतं. मिनिटभरात हृदयाचा आउटपुट दहा टक्क्यांहून वाढला तर पाण्याचा उपयोग आहे. नाही वाढला तर पाय खाली, रक्त परत आपल्या जागी. फुकटची बाटली, आणि परतही घेता येते! द्यायचंच ठरलं तर अडीचशे मिली, दहा-पंधरा मिनिटांत, आणि तोवर पलंगापासून हलायचं नाही. 'एक लिटर लावा, सकाळी बघू' ही ऑर्डर नसते.

रात्रपाळी

सिस्टर आहे. वरचं सगळं वाचलं, आता बेडजवळचं सांगते.

डॉक्टर बोलसचं (एका दमात दिलेल्या पाण्याचं) बोलतात, पण चोरून जाणारं पाणी कुणी मोजत नाही. अँटिबायोटिक शंभर मिलीत, दिवसातून तीनदा. पोटॅशियम शंभर मिलीत. पाच-सहा सिरिंज पंप, प्रत्येकी तासाला दोन-तीन मिली. प्रेशरच्या लाइनचे फ्लश. औषध दिल्यावर दहा मिली ढकललं की ते वेगळंच. मी एकदा सगळं जोडलं, एकही बोलस न देता चोवीस तासांत लिटरच्या वर गेलं होतं, आणि बहुतेक एनएस. बोलस बॅलन्स्ड देऊन काय उपयोग? तेव्हापासून जे औषध घट्ट करून मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनमधून देता येतं ते तसंच मागून घेते.

दुसरं, ड्रेन. एका रात्री एक पेशंट होते, तासाला शंभर-सव्वाशे येत होतं. दोन वाजता बघितलं तर ड्रेन कोरडा. नवीन डॉक्टर म्हणाले, छान, रक्त थांबलं. पण बीपी ८० वर आलं होतं, सीव्हीपी नऊवरून सतरावर, लघवीची पिशवी तासभर तेवढीच. मी टाचांना हात लावला, बर्फ. ड्रेनची नळी बोटांत धरली तर आत जेलीसारखी गुठळी सरकत होती. रक्त थांबलं नव्हतं, बाहेर यायचं थांबलं होतं. आत हृदयाभोवती साचत होतं. सर्जनला फोन लावला, ते येईपर्यंत पाणी दिलं, रक्त मागवलं. तिथे पाणी हा उपचार नव्हता, थिएटरचं दार उघडेपर्यंतची मुदत होती. छाती उघडली आणि बीपी टेबलावरच १२० झालं. नंतर ते काका चालत घरी गेले.

'अजून एक बाटली लावा' असं तिसऱ्यांदा ऐकलं की मी आता ड्रेन आणि टाचा बघते, मग बाटली.

शंकासुर

हे वाचून अंगावर काटा आला. रक्ताचं काय पण? हिमोग्लोबिन कमी असेल तर पाण्याऐवजी रक्तच का देत नाहीत? घट्ट तरी असतं.

भूलथापा

रक्तस्राव चालू असेल तर रक्तच, त्यात वाद नाही. नसेल तर हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली जाईपर्यंत थांबणं हे ९.५ ला देण्याइतकंच सुरक्षित ठरलं, २०१७ च्या जवळपास पाच हजार हृदय-पेशंटांच्या अभ्यासात. रक्त हे टॉनिक नाही.

पोटॅशियमचा मुद्दा राहिला होता. हृदयाची लय बिघडू नये म्हणून आम्ही ते ४.५ च्या वर ठेवायला धडपडायचो, सिस्टर म्हणतात त्या शंभर-शंभर मिलीच्या पिशव्या त्यासाठीच. २०२४ मध्ये बायपासच्या पेशंटांत तपासलं गेलं, ३.६ च्या खाली गेल्यावरच दिलं तरी अनियमित ठोक्यांचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे त्यातल्या बऱ्याच पिशव्या उगाच.

आणि बाबांची तहान. श्वासाची नळी नुकतीच काढलेली असते, घसा बधिर, गिळायची लय गेलेली. घोट चुकून फुप्फुसात गेला तर? उलटीची भीतीही असते, आणि छातीच्या हाडाला ताजी तार बांधलेली असताना उलटी म्हणजे काय ते टाकेमोज्यांना विचारा. पुढच्या दिवसांत तोंडाने मर्यादा असते कारण आता काढायचे दिवस असतात. तहान भागत नाही त्याचं कारण गमतीशीर आहे : मेंदू तहान ओळखतो ती मुख्यतः रक्ताच्या खारटपणावरून. आम्ही देतो ते रक्ताइतकंच खारट. दहा बाटल्या दिल्या तरी मेंदूला पाणी प्यायल्याची खबरच लागत नाही.

टाकेमोज्या

उलटी नाही, शिंक. उशी छातीशी कवटाळून शिंकलो होतो. त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

सावळागोंधळ

सगळ्यांचे आभार. इतकं कुणी समोर बसवूनही सांगितलं नसतं.

वाचता वाचता बाबांची फाइल काढली. रोजच्या वजनाचा तक्ता आहे, तेव्हा त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ऑपरेशनआधी ६४.० किलो. दुसऱ्या दिवशी ६८.३. मग ६७.१, ६५.६, घरी सोडताना ६४.४. अख्खा धागा त्या एका रकान्यात आहे.

रात्रपाळी

तो तक्ता चालू ठेवा. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. दोन दिवसांत दोन किलो वाढले, मोजे रुतायला लागले किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. आणि पाण्याची मर्यादा, लघवीच्या गोळ्या त्यांनी लिहून दिल्यात तशाच, मनाने बदलायच्या नाहीत.

सावळागोंधळ

काटा आणला. बाबांना तक्ताही दाखवला, चार किलो पाणी कसं चढलं आणि कसं उतरलं ते समजावलं. नीट ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "चार किलो पाणी मिळालं होतं माझ्या नावावर, आणि तू काचेबाहेर उभा राहून मला कापूस चोखताना बघत होतास."